पाय डोक्याच्या वर जाता कामा नयेत : बर्फावरील तिरक्या गिरकीचा इतिहास

१/
१२ फेब्रुवारी २००२. अमेरिकेच्या यूटा राज्यातील डियर व्हॅलीचा उतार. सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमधील पुरुषांच्या मोगल स्पर्धेची अंतिम फेरी. चार वर्षांपूर्वीचा सुवर्णविजेता जॉनी मोस्ली उंचवट्यावरून सुटतो, एक खांदा खाली टाकतो आणि जवळजवळ आडव्या अंगाने हवेत दोन पूर्ण गिरक्या घेऊन पायांवर उतरतो. प्रेक्षक बेभान होतात. गुणफलकावर तो चौथा ठरतो.

२/
'डिनर रोल' नावाच्या या उडीने त्याला पदक मिळवून दिले नाही. पण या खेळाच्या नियमपुस्तकातील एक बंधन त्यानंतर फार काळ टिकले नाही. ते बंधन थोडक्यात असे : उडीत पाय डोक्याच्या वर जाता कामा नयेत. हा नियम आला कोठून, त्याच्या काठावर उभे राहून तरुण काय शिकले आणि त्या शिकण्याची किंमत कोणी मोजली, याचा हा धागा.

३/
आधी एक गैरसमज दूर करायला हवा. 'मोगल' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे औरंगजेबाची छावणी उभी राहते. या मोगलांचा दिल्लीशी काहीही संबंध नाही. बर्फाच्या उतारावर एकाला लागून एक असे जे उंचवटे तयार होतात, त्यांना हे नाव आहे. ऑस्ट्रियाकडील जर्मन बोलीत टेकाडाला 'मूगेल' म्हणतात, त्या शब्दाशी त्याचे नाते सांगितले जाते. या उंचवट्यांमधून झपाझप वळणे घेत खाली यायचे आणि वाटेत दोन उड्या मारायच्या, अशी ही स्पर्धा. २००२ मध्ये निम्मे गुण वळणांना होते, चौथा हिस्सा वेगाला आणि उरलेला चौथा हिस्सा उड्यांना. हवेत इतिहास घडवणारा माणूस चौथा कसा येतो, याचे उत्तर बरेचसे या हिशेबातच आहे.

४/
हवेत शरीर फिरवण्याच्या दोन मूळ रीती आहेत. कोलांटीत शरीर डोक्यावरून पायांकडे फिरते. गिरकीत ते उभ्याउभ्या स्वतःभोवती फिरते. तिसरी रीत समजण्यासाठी भोवरा आठवावा. जोरात सोडलेला भोवरा ताठ उभा राहतो. वेग उतरू लागला की त्याचे डोके एका बाजूला कलते आणि तो तिरका होऊन घुमू लागतो. भोवऱ्याचे हे कलणे थकव्याचे असते. स्कीपटू तेच कलणे उडीच्या पहिल्या क्षणी हेतुपुरस्सर आणतो. मग जे घडते ते धड गिरकी नसते आणि धड कोलांटीही नसते. इंग्रजीत याला 'ऑफ-ॲक्सिस' म्हणतात, म्हणजे अक्षापासून ढळलेली. तिच्या सर्वांत प्रसिद्ध प्रकाराचे नाव 'कॉर्क'. बाटलीचे बूच काढायच्या मळसूत्री साधनावरून पडलेले. पुढे येणारे आकडे अंशांचे आहेत : ३६० म्हणजे एक फेरी, ७२० म्हणजे दोन, १०८० म्हणजे तीन.

५/
स्कीवरच्या हवाई कसरती आरंभी स्पर्धेचा नव्हे, खेळ दाखवून पैसे मिळवण्याचा विषय होत्या. नॉर्वेहून अमेरिकेत आलेला कार्ल होवेल्सन १९०७ मध्ये बार्नम अँड बेली सर्कशीत स्कीवरून उडी घेऊन दाखवत असे. पण कोलांटीला प्रतिष्ठा मिळवून दिली ती दुसऱ्या एका नॉर्वेजियनाने. स्टाइन एरिक्सनने १९५२ च्या ऑस्लो ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलमचे सुवर्ण आणि स्लॅलमचे रौप्य जिंकले आणि नंतर तो अमेरिकेत स्थायिक झाला. तिथल्या स्की केंद्रांवर रविवारी जमलेल्या लोकांसमोर तो अंग ताठ ठेवून, हात पसरून पुढची कोलांटी मारत असे.

६/
एरिक्सन हे शिकला कोठे? त्याचे वडील मारियस एरिक्सन १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये नॉर्वेच्या जिम्नॅस्टिक्स संघात होते आणि मुलगाही लहानपणापासून जिम्नॅस्टिक्सच करत वाढला. म्हणजे कोलांटी बर्फावर जन्मली नाही; ती व्यायामशाळेतून बर्फावर आली. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढच्या साठ वर्षांत शिकण्याचा प्रश्न फिरून फिरून व्यायामशाळेच्या दाराशी येतो. हाच एरिक्सन १९८० च्या दशकापासून डियर व्हॅलीचा स्कीइंग संचालक होता. मोस्लीच्या उडीच्या वेळी तो ७४ वर्षांचा होता आणि उतारही त्याच्याच केंद्राचा होता.

७/
१९६० च्या दशकात ऑस्ट्रियाचा हर्मन गोलनर आणि त्याचे सहकारी कोलांटीत गिरकी मिसळू लागले. १९६९ च्या 'द मोबियस फ्लिप' या चित्रपटाने ती उडी अमर केली. एकच बाजू असलेली गणितातील मोबियस पट्टी हे त्या नावाचे मूळ. मग 'हॉट डॉग' स्कीइंगची लाट आली. १९७१ मध्ये न्यू हॅम्पशरमधील वॉटरव्हिल व्हॅलीत या प्रदर्शनी स्कीइंगची राष्ट्रीय स्पर्धा भरली. बक्षिसांची रक्कम होती, दूरचित्रवाणी होती, लांब केस होते. प्रशिक्षक नव्हते. उडीचा उंचवटा कसा बांधावा, उतरण्याची जागा किती तीव्र उताराची असावी, याची प्रमाणेही नव्हती.

८/
परिणाम अटळ होता. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात दुहेरी कोलांटीच्या प्रयत्नांत मान आणि पाठीच्या भीषण दुखापती झाल्या. काही तरुणांना कायमचे अपंगत्व आले. त्याच सुमारास न्यायालयांची भूमिकाही पालटली. स्कीइंगचा धोका खेळणाऱ्याने पत्करलेलाच असतो, ही अमेरिकन न्यायालयांची जुनी धारणा १९५१ च्या एका व्हरमाँटच्या खटल्यापासून रूढ होती. १९७४ मध्ये त्याच राज्यात जेम्स संडे हा नवशिका तरुण सोप्या उतारावर एका झुडपात स्की अडकून पडला आणि त्याचे हातपाय लुळे पडले. १९७७ मध्ये ज्यूरीने त्याला १५ लाख डॉलरची भरपाई दिली. पुढच्या वर्षी वरिष्ठ न्यायालयाने ती कायम केली.

९/
संडेच्या अपघातात कोलांटीचा लवलेश नव्हता. पण विमा कंपन्यांना एवढे बारकावे पाहायची सवय नसते. स्की केंद्रांचे हप्ते कडाडले आणि ज्या ज्या गोष्टीवर सहज बंदी घालता येईल तिच्यावर ती आली. अनेक केंद्रांच्या उतारांवर उलट्या उड्यांना मनाई करणाऱ्या पाट्या लागल्या आणि काही ठिकाणी त्या पुढची पंचवीस-तीस वर्षे तशाच होत्या. एक पिढी त्या पाट्या वाचत मोठी झाली.

१०/
आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९७९ मध्ये फ्रीस्टाइलला मान्यता दिली ती या पार्श्वभूमीवर. मान्यतेबरोबर शिस्त आली आणि खेळाच्या दोन वाटा झाल्या. 'एरियल्स' या प्रकारात कोलांटीला परवानगी राहिली. मात्र खेळाडूला ती उडी येते याचे प्रमाणन आणि उंचवट्याचे ठरलेले माप बंधनकारक झाले. मोगलमध्ये कोलांटी पूर्णपणे बाद झाली. तिथे उभ्या अंगाने जे काही करता येईल तेवढेच : पाय फाकवणे, कंबर पिळणे, फार तर 'हेलिकॉप्टर' म्हणजे एक सरळ गिरकी. १९९२ मध्ये मोगल अधिकृतपणे ऑलिंपिकमध्ये आले, १९९४ मध्ये एरियल्स आले, तेव्हाही ही भिंत जागच्या जागी होती.

११/
भिंत बांधणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती : गिरकी वेगळी, कोलांटी वेगळी आणि दोहोंमधली रेषा स्पष्ट. भौतिकशास्त्राला अशी रेषा माहीत नाही. पाय जमिनीवरून सुटल्यानंतर, हवेचा अवरोध बाजूला ठेवला तर, शरीराचा कोनीय संवेग बदलत नाही. ना त्याचे परिमाण, ना दिशा. ती दिशा उभी असेल तर सरळ गिरकी मिळते, आडवी असेल तर कोलांटी. या दोहोंच्या मध्ये ९० अंशांचा अख्खा पट मोकळा आहे. नियमपुस्तकाने त्या पटाची दोन टोके पाहिली होती.

१२/
म्हणून सारा खेळ उंचवट्याच्या काठावरच्या क्षणात असतो. खांदा किती खाली टाकला, कोणत्या दिशेने टाकला, यावर अक्ष ठरतो. हवेत गेल्यावर तो हट्टाने बदलता येत नाही. खेळाडूच्या हाती उरते ते अंग आवळणे किंवा पसरणे. पायांना पावणेदोन मीटरच्या आसपास लांबीच्या दोन फळ्या बांधलेल्या असताना फिरणे जड जाते. गुडघे पोटाशी घेऊन हाताने स्की पकडली की वस्तुमान अक्षाजवळ येते आणि फिरण्याचा वेग वाढतो. पाहणाऱ्याला ही पकड निव्वळ ऐट वाटते. ती ऐट आहेच, पण ती यंत्रणाही आहे. उतरताना अंग उघडले की वेग मंदावतो. मंदावतो इतकेच, थांबत नाही. थांबवण्याचे काम जमिनीचे.

१३/
हवेत काहीच बदलता येत नाही असे मात्र नाही. उलटी सोडलेली मांजर पायांवर कशी पडते, याची छायाचित्रे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे याने १८९४ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा विद्वानांची चांगलीच पंचाईत झाली होती. मांजर शरीराचे पुढचे आणि मागचे भाग एकमेकांविरुद्ध पिळते. कोलांटी घेणारा माणूस एक हात वर आणि एक हात खाली नेऊन अंग कलते करतो आणि कोलांटीच्या संवेगातूनच गिरकी काढतो. ब्रिटिश अभ्यासक मॉरिस येडन याने अशा गिरकीयुक्त कोलांट्यांचे गणित मांडण्यात मोठे काम केले. १९८९ मध्ये त्याने एरियल स्कीपटूंच्या गिरक्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला. मोगलवाल्या तरुणांपैकी कोणी तो वाचला असेल, असे वाटत नाही. त्यांचा गुरू दुसरीकडे होता.

१४/
तो गुरू चाकांवर होता. १९८४ मध्ये स्वीडनमधील एका उन्हाळी शिबिरात अमेरिकन स्केटबोर्डपटू माइक मॅकगिल याने खड्या उतरणीवरून दीड फेरीची उलटी, तिरकी गिरकी साधली. ती 'मॅकट्विस्ट' म्हणून प्रसिद्ध झाली. स्केटबोर्डवरून ही भाषा स्नोबोर्डवर गेली. स्नोबोर्ड हा तेव्हा नवा, बदनाम, नियमांना फारसा न जुमानणारा खेळ होता. त्याला महासंघाची परंपरा नव्हती, त्यामुळे बंदीचीही परंपरा नव्हती. १९९० च्या दशकात त्यांच्यासाठी उंचवटे आणि अर्धनळ्यांची खास मैदाने उभी राहिली. स्कीवाल्यांना तिथे बहुधा मज्जाव असे.

१५/
कॅनडातील व्हिस्लरजवळच्या ब्लॅककोंब हिमनदीवर मोगल खेळाडूंची उन्हाळी शिबिरे भरत. माइक डग्लस तिथला प्रशिक्षक. क्वेबेकचे जे. पी. ऑक्लेर, जे. एफ. क्यूसों आणि विन्सेंट डोरियन हे तरुण मोगलपटू. नियमातल्या त्याच त्या उड्यांना कंटाळलेली ही मंडळी सराव संपला की स्नोबोर्डच्या मैदानाकडे वळत. 'न्यू कॅनेडियन एअर फोर्स' हे त्यांचे नाव पुढे जगभर गाजले. वायुदल म्हणायला चार-पाच पोरे, पण खेळ बदलायला तेवढी पुरली.

१६/
त्यांची खरी अडचण साधनाची होती. नेहमीच्या स्कीचे पुढचे टोक तेवढे वर वळलेले असते, मागचे सपाट. दीड किंवा अडीच फेऱ्या घेतल्या तर माणूस पाठमोरा उतरतो आणि ते सपाट टोक बर्फात रुतते. दोन्ही टोके वळलेली स्की बाजारात पूर्वीही येऊन गेली होती, पण ती रुजली नव्हती. डग्लसने अशा स्कीची कल्पना चित्रफितीसह कंपन्यांपुढे मांडली. नकार पचवल्यानंतर सॉलोमनने ती उचलली आणि १९९८ मध्ये 'टेनएटी' बाजारात आली. नावाचा अर्थ १०८०, म्हणजे तीन फेऱ्या. पुढच्या वर्षी कोलोरॅडोतील क्रेस्टेड ब्यूट येथे एक्स गेम्समध्ये स्कीची 'बिग एअर' स्पर्धा पहिल्यांदाच झाली आणि ती क्यूसोंने जिंकली.

१७/
तिरक्या उड्यांना आता नावे मिळू लागली : डी-स्पिन, कॉर्क, रोडिओ, मिस्टी, फ्लॅटस्पिन. अक्ष मागे कलला की पुढे, डोके किती खाली गेले, यांवर हे भेद ठरतात. त्यांच्या सीमांबद्दल आजही जाणकारांत वाद होतात. एखाद्या घराण्याच्या गायकीत कोणता राग कोठे संपतो, यावर व्हावेत तसे. शिक्षणाचे माध्यम होते व्हिडिओ कॅसेट. कोण्या गावातला मुलगा एकच उडी मागे-पुढे करून, थांबवून पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी बर्फावर जायचा. एरिक्सनला वडील होते. या मुलांना 'पॉज'चे बटण होते.

१८/
त्या पद्धतीची किंमत एकाच जागेवर दिसते. यूटामध्ये आल्टाजवळ जुन्या खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांमध्ये 'चॅड्स गॅप' नावाची सुमारे १२० फुटांची दरी आहे. फ्रान्सच्या कान्दिद तोवेक्सने नवे सहस्रक उजाडताना ती डी-स्पिन ७२० घेत ओलांडली आणि ते दृश्य या पिढीचे आद्यचित्र ठरले. २००५ मध्ये अमेरिकेचा टॅनर हॉल तिथेच पाठमोरा सुटून कॉर्क ९०० करायला गेला. झेप कमी पडली, दोन्ही घोटे मोडले. दोघेही आपापल्या काळातले सर्वश्रेष्ठ. दोघांत फरक पडला तो उतरण्याच्या जागेपर्यंत पोचण्याचा.

१९/
आता पुन्हा मोस्लीकडे. १९९८ च्या नागानोत त्याने सुवर्ण जिंकले ते सरळ ३६० गिरकीत स्की हाताने पकडून. म्हणजे नव्या मंडळींची एक खूण त्याने जुन्या नियमांत बसवून दाखवली होती. २००२ ला त्याने पुढचे पाऊल टाकले. अंग आडवे झाले तरी पाय डोक्याच्या वर गेले नाहीत, म्हणून डिनर रोल वैध ठरला. पण ज्या मोजपट्टीवर तो अवघड ठरावा, तशी मोजपट्टीच तेव्हा नव्हती. एकदा ही उडी वैध म्हटल्यावर रेषा सांभाळणे कठीण होते. शरीर ९० अंश कलले तर चालते आणि १०० अंश कलले तर नाही, हे पंचाने क्षणभरात कसे ठरवायचे? पुढच्या काही मोसमांत मोगलमधील बंदी उठली. २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये मोगलपटू कोलांट्या आणि तिरक्या गिरक्या दोन्ही मारत होते. पुढे कॅनडाच्या मिकाएल किंग्जबरीने कॉर्क १०८० ही आपली नेहमीची उडी करून टाकली.

२०/
नियम उठला तरी ज्या भीतीपोटी तो आला होता, ती खोटी नव्हती. तिरक्या गिरकीची अडचण अशी की ती अर्धी शिकता येत नाही. पोहणारा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहू शकतो. सायकल शिकणारा एक पाय टेकवू शकतो. पण अर्धा कॉर्क म्हणजे डोक्यावर पडणे. शिवाय पूर्ण फेरीला वेळ हवा, वेळेसाठी उंची हवी आणि उंचीबरोबर पडण्याचा वेगही वाढतो. हाताशी असतात जेमतेम दोन-तीन सेकंद. त्यातही काही क्षण असे येतात की जमीन दिसत नाही आणि खाली-वर कळत नाही. २०२१ मध्ये टोकियोत सिमोन बाइल्सने ज्या 'ट्विस्टीज'मुळे माघार घेतली, ते हेच दिशाभान हरवणे.

२१/
उपाय पुन्हा व्यायामशाळेतून आला. १९३० च्या दशकात आयोवात जॉर्ज निसनने विकसित केलेल्या ट्रॅम्पोलीनवर आज जवळजवळ प्रत्येक तिरकी गिरकी पहिल्यांदा घेतली जाते. आरंभी कमरेला पट्टा आणि दोन्ही बाजूंना दोर; दोराचे टोक प्रशिक्षकाच्या हाती. मग पायांना आखूड फळ्या. मग पाणी. उतरणीवर ओले प्लॅस्टिक अंथरायचे, टोकाला उंचवटा ठेवायचा आणि खाली तलाव. तळातून हवेचे बुडबुडे सोडले की पाण्याचा पृष्ठभाग फुटतो आणि पडणाऱ्याला मार कमी लागतो. भर उन्हाळ्यात रबरी पोशाख, हेल्मेट आणि पाणी निथळणाऱ्या जड स्की घेऊन जिने चढणारी मुले, हे पार्क सिटीच्या यूटा ऑलिंपिक पार्कमधील नित्याचे दृश्य आहे. काठावरून प्रशिक्षक ओरडत असतो, कारण हवेतल्या खेळाडूला आवाज ऐकू जातो आणि 'आवळ', 'उघड' एवढे सांगायला वेळ पुरतो.

२२/
पाण्यामुळे एक उलटापालट झाली. पूर्वी स्कीपटू कोलांटी शिकत. आता जिम्नॅस्ट स्की शिकू लागले. एरियल्समध्ये चीन आणि ऑस्ट्रेलिया याच मार्गाने आले. १९९८ ला चीनच्या शू नाननानने रौप्य मिळवले, २००२ ला ऑस्ट्रेलियाच्या अलिसा कॅम्प्लिनने आणि २०१० ला लिडिया लासिलाने सुवर्ण. तिघींचाही पाया जिम्नॅस्टिक्सचा. बर्फाळ डोंगरात जन्म घेण्याची अट या खेळाने पहिल्यांदा इथे सोडली.

२३/
मग फोमने भरलेले खड्डे आले आणि २००० च्या दशकात हवेने फुगवलेल्या प्रचंड गाद्या. २००९ मध्ये स्नोबोर्डपटू शॉन व्हाइटसाठी कोलोरॅडोतील सिल्व्हरटन येथे खासगी अर्धनळी उभारली गेली, तिला फोमचा खड्डा जोडलेला. तिथे तो दुहेरी कॉर्क शिकला. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला त्याचा प्रतिस्पर्धी केविन पिअर्स पार्क सिटीत त्याच कुळातील उडीचा सराव करताना पडला आणि त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली. तो वाचला, स्पर्धेत परतला नाही.

२४/
मऊ जमिनीचा एक दोष तिच्या गुणातच दडलेला आहे. ती सुटणे शिकवते, कलणे शिकवते, फिरणे शिकवते. उतरणे शिकवत नाही. गादीवर पाठीवर पडलेला कॉर्कही साधल्यासारखा वाटतो. पाण्यात गुडघे वाकवून दाब पेलायचा प्रश्नच येत नाही. शेवटचे अर्धे सेकंद प्रत्येकाला कठीण बर्फावरच शिकावे लागते. आणि एकदा शिकून झाले तरी हजाराव्या वेळीही ते तेवढेच कठीण असते.

२५/
कॅनडाच्या सारा बर्कची कथा इथेच येते. मुलींसाठी स्पर्धा नसताना तिने मुलांच्या स्पर्धांत उतरून जागा मिळवली. स्पर्धेत १०८० साधणारी ती पहिली स्त्री. स्कीच्या अर्धनळी प्रकाराला ऑलिंपिकमध्ये, पुरुषांबरोबर स्त्रियांसाठीही, स्थान मिळावे म्हणून ती वर्षानुवर्षे झगडली आणि २०११ मध्ये ते मिळाले. १० जानेवारी २०१२ रोजी पार्क सिटीत सराव करताना तिने फ्लॅटस्पिन ५४० घेतली. दीड फेरीची, तिच्यासाठी सवयीची उडी. उतरताना तोल गेला. पाहणाऱ्यांना ते पडणे फार भयंकरही वाटले नव्हते. पण मानेतील मेंदूकडे जाणारी धमनी फाटली, हृदय बंद पडले. नऊ दिवसांनी ती गेली. वय २९. २०१४ मध्ये सोचीत स्त्रियांची अर्धनळी स्पर्धा झाली. हेल्मेटवर तिच्या नावाची खूणचिठ्ठी लावू देण्यास आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने नकार दिला.

२६/
शेवटचा प्रसंग ८ फेब्रुवारी २०२२ चा. बीजिंगमधील जुन्या शौगांग पोलाद कारखान्याच्या आवारात, शीतकमनोऱ्यांच्या पार्श्वभूमीवर उभारलेला बिग एअरचा उतार. शेवटच्या उडीपूर्वी चीनकडून खेळणारी १८ वर्षांची आयलीन गू तिसरी होती. फ्रान्सची तेस लेदू पुढे होती. स्पर्धेत १६२० साधणारी पहिली स्त्री लेदूच. गूच्या आईने फोनवर सुचवले की आधीची १४४० च अधिक नीट कर, रौप्य मिळेल. गूने दुहेरी कॉर्क १६२० निवडली. डावीकडे फिरणारी, स्पर्धेत तिने पूर्वी कधीही न केलेली.

२७/
१६२० म्हणजे साडेचार फेऱ्या. सुटताना तोंड पुढे, म्हणून उतरताना पाठ पुढे. ब्लॅककोंबच्या पोरांनी मागितलेले ते मागचे वळलेले टोक बर्फाला टेकले आणि घसरत पुढे निघाले. ९४.५० गुण, एकूण १८८.२५. लेदूचे १८७.५०.